जिन्यातला लाल दिवा

ऑगस्टमधली गोष्ट. असरची नमाज झाली होती, चहा गॅसवर होता आणि शेजारच्या खाला दारात उभ्या. हातात विजेची तीन बिलं, पदराखाली धरलेली, कारण बाहेर पाऊस. आमच्या कोकणात ऑगस्टचा पाऊस काही विचारून येत नाही. बसल्या, पाणी प्यायल्या आणि बिलं माझ्यासमोर पसरून म्हणाल्या, "बेटा, तू शाळेत सायन्स शिकवतेस ना? मग हे बघ. मे महिन्यात दीडशेच्या आत बिल होतं. आता बघ काय आलंय."

२,३४० रुपये. त्याआधीच्या महिन्याचं सतराशे आणि काही. वर छतावर तीन किलोवॅटचं सोलर. त्याच्या कर्जाचा हप्ता वेगळा, तो दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातोच. खालूजान जाऊन चार वर्षं झाली. मुलगा कतारला. तो फोनवर म्हणाला होता, "अम्मी, काढून विकून टाका, आपण फसलो." बाजारातला एक वायरमन येऊन पाहून गेला होता. त्याने सांगितलं होतं की इन्व्हर्टर गेला, नवा घ्यावा लागेल, अडतीस हजार. खालांनी पोस्टातली ठेव मोडायचं मनात ठरवलंही होतं. माझ्याकडे आल्या त्या फक्त एकदा विचारून घ्यावं म्हणून.

मी विचारलं, "खाला, जिन्यात इन्व्हर्टरवर दिवा कोणता लागतो?"

"लाल. पावसाळा सुरू झाल्यापासून लालच आहे. मला वाटलं, टीव्हीला नाही का लाल असतो, म्हणजे चालू आहे."

मला काय बोलावं सुचेना. त्यांच्या जिन्यात मी आठवड्यातून दोनदा तरी जाते. तो दिवा मीही पाहिला असणार. पाहिला आणि पुढे गेले.

ज्यांच्या घरावर सोलर आहे आणि ज्यांच्या घरावर येऊ घातलंय, त्या सगळ्यांसाठी या महिन्याचं हे पान. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून आपल्या वस्त्यांमध्येही निळी-काळी पॅनल दिसायला लागली आहेत. बसवताना सगळे असतात, फोटो काढतात, पेढे वाटतात. नंतर वर कोणी जात नाही. घरात फ्रिज बंद पडला तर दूध नासतं, लगेच कळतं. सोलर बंद पडलं तर काहीच होत नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, कारण वीज तारेतून येतच असते. कळतं ते बिल आल्यावर, आणि तेही कोणी नीट वाचलं तर.

आधी थोडक्यात ही यंत्रणा कशी चालते ते बघू. पॅनलवर ऊन पडलं की त्यातून एकदिश वीज निघते, बॅटरीतून निघते तशी, एकाच दिशेने वाहणारी. ती गच्चीवरून दोन जाड वायरींनी खाली येते. वाटेत एक छोटा डबा असतो, त्यात फ्यूज आणि विजेच्या लोटापासून वाचवणारी चकती. मग इन्व्हर्टर. तो या विजेची आपल्या घरात चालते तशी प्रत्यावर्ती वीज करतो. पुढे आणखी एक डबा, त्यात एमसीबी. मग मीटर. घरात लागेल तेवढी वीज घर घेतं, उरलेली मीटरमधून बाहेर जाते आणि शेजारपाजारच्या घरात वापरली जाते. रात्री आपण बाहेरून घेतो. मीटर दोन्ही आकडे ठेवतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आठ वाजता मी खालांच्या जिन्यात गेले. दिवा लाल. इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ 'आयसोलेशन दोष'. मोबाइलवर फोटो काढला. खालांना म्हटलं, आज पाऊस उघडलाय, दुपारी जोहरनंतर परत बघू. दीड वाजता गेले तर दिवा हिरवा! पडद्यावर बाराशे वॅट. खालांनी तोंडावर हात ठेवला. "तू काय केलंस?" मी काहीच केलं नव्हतं. ऊन पडलं होतं, गच्ची वाळली होती, एवढंच.

रोगाचं नाव इथेच सापडतं, म्हणून जरा थांबून सांगते. रोज सकाळी चालू होण्याआधी इन्व्हर्टर एक परीक्षा घेतो. गच्चीवरच्या वायरींमधून वीज जमिनीकडे गळत तर नाही ना, हे तो मोजतो. वायरीचं आवरण धड असेल तर गळती नसते. कुठे आवरण फाटलं असेल, उंदराने कुरतडलं असेल, जोड सैल होऊन त्यात पाणी शिरलं असेल, तर ओल्या सकाळी वीज तिथून लोखंडी सांगाड्यात आणि जमिनीत उतरू पाहते. इन्व्हर्टरला ते कळतं आणि तो चालू व्हायला नकार देतो. दुपारी ती जागा वाळली की गळती थांबते, परीक्षा पास होते, दिवा हिरवा होतो. सकाळी लाल आणि कोरड्या दुपारी हिरवा असं दिसलं तर जवळजवळ नक्कीच ओल कुठेतरी शिरली आहे. मेलेला इन्व्हर्टर ऊन पाहून जिवंत होत नाही. तो बिचारा राखणदारी करत होता आणि आपण त्यालाच अडतीस हजारांना काढायला निघालो होतो.

आता घरातल्या पुरुषमंडळींचा विषय. हे सगळं मी घरी सांगितल्यावर आमच्या घरातून पान्हा, पक्कड, टेप घेऊन एक स्वारी लगेच निघाली. "जोड सैल आहे ना, मी काढून पुसून बसवतो." मी जिन्याच्या दारात आडवी उभी राहिले. तीन किलोवॅटला साधारण ५४० वॅटची सहा पॅनल लागतात. ती एकापाठोपाठ एक जोडलेली असतात. प्रत्येकाचा दाब पन्नास व्होल्टच्या आसपास, म्हणजे सहांचा मिळून सुमारे ३०० व्होल्ट. आणि तोही एकदिश. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायला तिला संधी असते. पॅनलची वीज शून्यावर येतच नाही. चालू प्रवाहात तो जोड ओढून काढला तर ज्वाला तशीच पेटती राहते, हात भाजतो, आग लागते. आणि पॅनलला बटण नसतं. खालून सगळं बंद केलं तरी ऊन आहे तोवर पॅनल आणि तिथून खाली येणारी वायर जिवंत असते.

म्हणून घरच्यांनी करायचं ते एवढंच. संशय आला तर आधी घराच्या बाजूची एमसीबी पाडायची, मग इन्व्हर्टरजवळचा एकदिश विजेचा खटका बंद करायचा. हाच क्रम, उलटा नाही. एमसीबी पाडली की प्रवाह थांबतो, मग दुसरा खटका बंद करताना ठिणगी पडत नाही. चालू करताना आधी पॅनलकडचा, मग घराचा. गच्चीवरचा कोणताही जोड उघडायचा नाही. आमच्या स्वारीला हे पटलं. पान्हा मात्र दोन दिवस सोफ्यावर पडून होता.

ज्यांनी खालांकडे सोलर बसवलं त्यांचा फोन कोणी उचलत नव्हतं. चारदा लावला. मग मी शिक्षकी पद्धत वापरली, सगळं लेखी. इन्व्हर्टरच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावरचा अनुक्रमांक, लाल दिव्याचा फोटो, दुपारच्या हिरव्या दिव्याचा फोटो, दोन्हींवर तारीख-वेळ, तिन्ही बिलं. हे व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि खाली लिहिलं की या योजनेत बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करायची असते, दोन दिवसांत माणूस आला नाही तर योजनेच्या पोर्टलवर तक्रार नोंदवू. संध्याकाळी फोन आला. लेखी शब्दाला अजूनही वजन आहे, हे मी मुलांना सांगते ते उगाच नाही. तुमच्याकडे सोलर असेल तर आजच तीन गोष्टींचे फोटो काढून ठेवा: इन्व्हर्टरचा अनुक्रमांक, पॅनलच्या पाठीमागचा कागद आणि वॉरंटीचं पत्र. पाठीमागचा कागद नंतर उन्हाने वाचता येईनासा होतो.

आलेला मुलगा हुशार निघाला. त्याने खटके बंद केले, मीटर लावून कोणत्या भागात गळती आहे ते शोधलं आणि अर्ध्या तासात हाक मारली. दोन पॅनलमधला एक जोड स्लॅबवर लोंबत होता आणि नेमका तिथे पाणी साचायचं. उघडला तर आत तांबं हिरवं पडलेलं. जोडाचा एक अर्धा भाग एका कंपनीचा, दुसरा दुसऱ्या कंपनीचा. दिसायला बसतात, पण घट्ट नाही. नवी जोडी लावली, वायर उचलून सांगाड्याला बांधली. पट्ट्या उन्हात न तडकणाऱ्या काळ्या वापरल्या. पांढऱ्या साध्या पट्ट्या दोन उन्हाळ्यांत तुटतात. वॉरंटीत असल्याने पैसे लागले नाहीत. खालांनी त्याला चहा आणि सांदणं दिली. अडतीस हजारांची ठेव पोस्टातच राहिली.

गच्चीवर गेलात तर (पावसात शेवाळ असतं, एकट्याने जाऊ नका) हे एक बघा: कोणतीही वायर किंवा जोड जमिनीला टेकलेला नाही ना. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. टेकलेला दिसला तर बसवणाऱ्याला फोटो पाठवायचा.

आता आमच्या घरचं. आमचंही तीन किलोवॅट आहे, माझ्या दिराने शारजाहून पैसे पाठवून बसवून दिलेलं. त्यामुळे त्याचा जीव त्यात. त्याच्या मोबाइलवर अॅप आहे, तिथे बसून तो रोज बघतो किती युनिट झाली. एकदा भरदुपारी फोन, "भाबी, शून्य दाखवतंय! जळलं काय?" मी धावत जिन्यात, तर दिवा हिरवा, सगळं छान. झालं होतं असं की मुलाने वायफायचा पासवर्ड बदलला होता. इन्व्हर्टरला लावलेली छोटी काडी वायफायवरून आकडे पाठवते, तिला नवा पासवर्ड कोणी सांगितलाच नव्हता. वीज बनत होती, बातमी पोचत नव्हती. अॅपमध्ये शून्य दिसलं तर आधी इन्व्हर्टरचा दिवा बघा, मग घाबरा.

दुसरा प्रसंग गेल्या वर्षीचा, जुम्म्याचा. घरात पाहुणे, बारा वाजता वीज गेली. डोक्यावर रणरणतं ऊन, गच्चीवर सहा पॅनल, आणि टाकीत पाणी चढवायला पंप बंद. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "मग हे वर कशाला मांडून ठेवलंय?" हा प्रश्न मला आजवर किमान दहा जणांनी विचारलाय. उत्तर असं की बॅटरी नसलेलं हे सोलर बाहेरची वीज गेली की मुद्दाम बंद होतं. कारण बाहेर खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. त्याने मागून वीज बंद केली आहे, तार मेली आहे असं समजून त्याने हात लावला आणि तेव्हाच आपल्या गच्चीवरून वीज त्या तारेत गेली तर? म्हणून इन्व्हर्टर बाहेरची वीज दिसेनाशी होताच क्षणात थांबतो. तो बिघाड नाही. वीज परत आल्यावर लगेचही सुरू होत नाही, काही मिनिटं बघतो, मग सुरू होतो. तेवढा वेळ बटणं दाबत बसू नका.

वीज जाण्याच्या वेळेसाठी आमच्याकडे जुना छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी आहे, पंखे-दिव्यांपुरता. काही वायरमन म्हणतात, त्याची वायर सोलरला जोडून देतो, मग वीज गेली तरी सोलर चालेल. असलं जुगाड करू नका. तसं हवं असेल तर त्यासाठी वेगळ्या जातीचा इन्व्हर्टर मिळतो, बॅटरीसह चालणारा. आणि बॅटरी पाण्याची असेल तर दर दोन महिन्यांनी खूण बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही, पावसाचं नाही, फिल्टरचंही नाही. टोकावर पांढरी-हिरवी भुकटी जमली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून व्हॅसलिन लावा. हे काम बॅटरी बंद ठेवून, अंगठी-बांगड्या काढून. खोलीला हवा हवी.

सगळ्यात डोकं खाल्लं ते तिसऱ्या प्रकाराने. मार्चमध्ये, कडक उन्हात, दुपारी बारा ते दोन आमचा इन्व्हर्टर बंद पडायचा. सकाळी छान, संध्याकाळी छान, नेमका भर उन्हात बंद. पडद्यावर ओळ: बाहेरचा दाब जास्त. घरात वीज २३० व्होल्टच्या आसपास असायला हवी. आमच्या इन्व्हर्टरची वरची मर्यादा २६४ ठेवलेली आहे, त्यापुढे गेला की तो हात वर करतो.

हे मी नववीच्या मुलांना फळ्यावर समजावलं, तसंच तुम्हाला सांगते. पाणी उंचावरून खाली वाहतं. आपल्याला वीज बाहेर ढकलायची असेल तर आपल्या घरचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा वर चढवावा लागतो. किती वर, ते मधल्या तारेवर अवलंबून. तीन किलोवॅट म्हणजे साधारण तेरा अँपिअर. मधल्या तारेचा आणि जोडांचा रोध एक ओहम असेल तर तेरा व्होल्ट वर चढावं लागतं. तार जाड आणि जोड घट्ट असतील तर दोन-तीन व्होल्टमध्ये भागतं. दुपारी आपण वीज सगळ्यात जास्त ढकलतो आणि लोक घरात वीज कमी वापरतात, म्हणून त्याच वेळी दाब डोक्यावर जातो.

दोष आपल्या तारेत की बाहेर, हे घरबसल्या ओळखता येतं. भर दुपारी इन्व्हर्टर चालू असताना पडद्यावरचा दाब लिहून घ्या. मग घराच्या बाजूची एमसीबी पाडा आणि घरातल्या एखाद्या व्होल्टेज दाखवणाऱ्या उपकरणावर, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर किंवा इलेक्ट्रिशियनच्या मीटरवर, दाब बघा. चटकन बराच खाली आला तर मीटरपासून खांबापर्यंतच्या तारेत किंवा जोडात खोट आहे. सोलर बंद असतानाही दाब २५०-२५५ राहत असेल तर ते रोहित्राचं, म्हणजे आपल्या भाषेत डीपीचं दुखणं. आमचं पहिलं निघालं. खांबावरचा जोड गंजून काळा झाला होता. वीज कार्यालयात तीन चकरा झाल्या, चौथ्या वेळी वायरमन आला, जोड कापून नवा केला आणि वीस व्होल्ट उतरले. मार्चसारख्या सोन्याच्या महिन्यातले बारा दिवस मात्र गेले. काही तंत्रज्ञ यावर सोपा उपाय सांगतात, इन्व्हर्टरची मर्यादाच वाढवून टाकू. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे ते. वाढलेला दाब घरातल्या टीव्ही-फ्रिजलाही सोसावा लागतो.

साफसफाईबद्दल लोक उगाच फार बोलतात, पण दोन गोष्टी खऱ्या आहेत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊसच पॅनल धुतो, हात लावायला नको. फेब्रुवारी ते मे मात्र जांभ्याच्या रस्त्याची लाल धूळ बसते, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा धुवावं. फजरनंतर, ऊन चढायच्या आत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. साधं पाणी, लांब दांड्याचा मऊ पोछा. साबण नको, तारेची घासणी तर मुळीच नको. बोअरचं पाणी जड असेल तर पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग पडतात. पॅनलवर पाय देऊन चढू नका. वर काच धड दिसते, पण आतली पातळ चकती तडकते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. खालच्या कडेला चौकटीपाशी चिखलाची एक पट्टी साचते, तिच्याकडे लक्ष द्या. ती पट्टी चार बोटं असली तरी खालची सगळी ओळ झाकते आणि मग पॅनल जेवढं झाकलं त्याच्या कितीतरी पट वीज कमी होते. कबुतराची शीट आणि माडाच्या झावळीची सावली यांचंही तसंच. पॅनल एका साखळीत असतात, एक अडलं की बाकीच्यांची चाल मंदावते.

सावलीचा एक फसवा प्रकार आहे. माझ्या एका सहकारी शिक्षिकेकडे मे महिन्यात सोलर बसवलं. तेव्हा सूर्य डोक्यावर, पाण्याच्या टाकीची सावली कुठेच नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला आणि दक्षिणेला असलेल्या त्याच टाकीची सावली सकाळी नऊपासून दोन पॅनलवर. त्या चार महिने तक्रार करत होत्या की माल खराब दिला. माल ठीक होता, टाकी हलवली. बसवण्याआधी कोणी गच्चीवर येऊन माप घेत असेल तर त्याला हिवाळ्यातल्या सावलीचं विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरा माणूस बघा.

आणि मे महिन्यात वीज सगळ्यात जास्त बनते, हाही गैरसमज. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण तीन ते चार दशांश टक्के वीज घटते. मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं तर तीन किलोवॅटमधले चौदा-पंधरा टक्के तिथेच गेले. दुपारी २,५०० वॅट दिसले तर कंपनीला फोन करू नका.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकतात. त्या डब्यांमध्ये लोटापासून वाचवणारी जी चकती सांगितली, तिला बारीक खिडकी असते. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे तिने एकदा तुमचा इन्व्हर्टर वाचवला आणि स्वतः गेली. ती बदलायला फार खर्च नाही, न बदलता पुढची वीज पडली तर इन्व्हर्टर जाईल. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी घाला. आमचा जांभा मेमध्ये हाडासारखा कोरडा होतो आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नावापुरतं उरतं.

आता बिलाचा हिशेब, कारण खालांसारख्या बऱ्याच जणी तो न बघता फक्त शेवटचा आकडा बघतात. समजा सोलरच्या मीटरवर महिन्यात ३३० युनिट बनली. बिलावर लिहिलंय, बाहेर दिली २१०, आत घेतली १९०. मग घरात थेट सोलरची वापरली ३३० वजा २१०, म्हणजे १२०. त्यात बाहेरून घेतलेली १९० मिळवली की घराचा खरा वापर ३१०. घेतली १९०, दिली २१०, म्हणजे २० युनिट तुमची जमा, पुढच्या महिन्यात वळती. स्थिर आकार तरीही भरावा लागतो, म्हणून बिल अगदी शून्य येत नाही. जमेचं हे वर्ष मार्चअखेर संपतं, हेही ध्यानात असू द्या. आणि सोलर आल्यावर पाच-सहा महिन्यांनी बिल वाढलं तर आधी स्वतःला विचारा की मधल्या काळात एसी आला का. आमच्याकडे आला होता. दोष पॅनलला दिला गेला.

इन्व्हर्टर बिघडला की नाही हे ओळखायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे शेजारी. एकाच गल्लीत, एकाच आभाळाखाली, तीन किलोवॅटची दोन घरं. एका दिवशी आमची ११ युनिट आणि खालांची ४, तर आभाळाचा दोष नाही. पावसाळ्यात हे फार उपयोगी पडतं, कारण कमी बनलं की आपण ढगांवर ढकलून मोकळे होतो. किलोवॅट वेगळे असतील तर भागून घ्या. वर्षभराचा हिशेब धरला तर किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट, पावसाळ्यात कमी, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. हे मी जूनमध्येच केलं असतं तर खालांचे अडीच महिने आणि जवळजवळ चार हजार रुपये वाचले असते. ते माझ्या मनाला लागलं आहे.

आता माझी धाकटी रोज मगरिबच्या आधी दोन्ही जिन्यांत जाऊन आकडे वहीत लिहिते. दोन रकाने: आमचं घर, खालांचं घर. खाला जिन्याच्या खालून विचारतात, "आज कोण जिंकलं गं?" परवा त्यांची ९.४ झाली, आमची ९.१. आमच्या तिसऱ्या पॅनलवर शेजारच्या फणसाची फांदी आली आहे. ती तोडायची परवानगी मागायला मी उद्या शेजाऱ्यांकडे जाणार आहे.